जुना स्नो ब्लोअर घेण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

हिवाळा तोंडावर आला की उत्तर अमेरिकेतल्या मराठी घरांत एक विषय हटकून निघतो. गल्लीत कुणीतरी जुना स्नो ब्लोअर, म्हणजे अंगणातला बर्फ उचलून लांब फेकणारं यंत्र, विकायला काढलेला असतो. किंवा ओळखीतलं एखादं कुटुंब फ्लोरिडाला निघालेलं असतं आणि म्हणतं, "आम्हाला आता बर्फ नाही, गवतच कापायचंय. तुमचा लॉनमोअर द्या, आमचा ब्लोअर न्या." घ्यावा का? आज त्याबद्दलच बोलू या.

मी बोलणार आहे ते न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोकडच्या हिवाळ्याच्या हिशेबाने. हे शहर ईअरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. सरोवर गोठायच्या आधी गार वारा त्या उबदार पाण्यावरून येतो, बाष्प उचलतो आणि काठावर बर्फ ओततो. नोव्हेंबर २०२२ मध्ये शहराच्या दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्गकडे, काही दिवसांतच ६ फुटांहून जास्त बर्फ पडला होता. अशा ठिकाणी फावडं पुरत नाही. आणि फावड्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट कळकळीने सांगते. कडक थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यात ओला जड बर्फ उचलताना रक्तदाब झपकन चढतो. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो. त्यामुळे पन्नाशीच्या आसपासच्या माणसाने ब्लोअर घेतला तर ती चैन समजू नका.

आता यंत्राकडे वळू. ब्लोअर मुख्यतः दोन प्रकारचे, सिंगल स्टेज आणि टू स्टेज. सिंगल स्टेजमध्ये रबरी पाती जमिनीला घासत बर्फ उचलतात आणि तीच तो बाहेर भिरकावतात. हलकं यंत्र, भुसभुशीत बर्फाला छान. खडीच्या ड्राइव्हवेवर मात्र ते चालवू नये, दगड उडतात. टू स्टेजमध्ये पुढचा लोखंडी ऑगर, म्हणजे मळसूत्रासारखं फिरणारं पातं, बर्फ फोडून मध्यभागी ओढतो आणि मागचा इम्पेलर, म्हणजे जोरात फिरणारा पंखा, तो शूटमधून, म्हणजे वरच्या नळकांड्यातून, लांब फेकतो. बहुतेक टू स्टेज यंत्रांची चाकंही इंजिनच फिरवतं. तुमच्या रस्त्यावरून प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलणारा ट्रक, जातो तेव्हा ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो ढीग टाकून जातो, मीठ मिसळलेला, रात्रीतून दगडासारखा झालेला, तो फोडायला टू स्टेजच हवा. दोन गाड्यांच्या ड्राइव्हवेला २४ इंच रुंदी पुरते. त्याहून मोठं घेण्याआधी गराजमध्ये जागा मोजा.

जुन्या यंत्राचा सौदा करताना मी एकच गोष्ट बघायला सांगते: बिघाड स्वस्तातला आहे की महागातला?

"सुरू होत नाही" असं लिहिलेली जाहिरात पाहून लोक पुढे जातात. मी म्हणते, थांबा. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते उन्हाळाभर टाकीत राहिलं की कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागाच्या, बारीक भोकांत चिकटा धरतो. इंजिन सुरूच होत नाही, किंवा चालताना त्याचा वेग सारखा वरखाली होतो. कार्ब्युरेटर साफ केला, नाहीतर नवा बसवला, की काम होतं आणि खर्च फार येत नाही. स्पार्क प्लग, पट्टे, चाकांना गती देणाऱ्या फ्रिक्शन डिस्कचं रबर, खाली घासणारे स्किड शूज, हे सगळं झिजणारंच सामान आहे. त्यावरून किंमत कमी करून घ्या, सौदा मोडू नका.

महागातला बिघाड असतो ऑगरच्या गिअरबॉक्समध्ये. इथे जरा सविस्तर सांगते, कारण फसगत इथेच होते. ऑगरचे दोन्ही भाग दांड्याला शिअर पिनने जोडलेले असतात. ही पिन मुद्दाम नरम धातूची करतात. बर्फाखाली गाडलेला वर्तमानपत्राचा गठ्ठा ऑगरमध्ये अडकला की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. घरातला फ्यूज करतो तेच काम. पण पिना वारंवार तुटतात म्हणून काही मालक तिथे कडक पोलादी बोल्ट ठोकतात. मग सगळा ताण आतल्या गिअरवर जातो. म्हणून वाकून बघा. बोल्टच्या डोक्यावर ३ किंवा ६ रेघा कोरलेल्या दिसल्या, तर तो बहुधा कडक पोलादाचा आहे. मालकाला विचारा, किती वर्षं असंच चाललंय?

आणखी एक तपासणी मालकाच्या परवानगीने करा. इंजिन बंद ठेवून स्पार्क प्लगची वायर काढा, मग दोन्ही पिना काढा आणि ऑगरचा एकेक भाग हाताने फिरवून बघा. तो दांड्यावर सुटा फिरायला हवा. गंजून दांड्याला धरून बसला असेल तर पिन असून नसल्यासारखीच. गिअरबॉक्सच्या कडेने तेल झिरपतंय का, तेही बघा. हे बघू द्यायला मालक तयार नसेल तर मी तरी पैसे काढणार नाही.

जाण्याआधी फोनवर सांगा, "आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका." गार इंजिन कसं उठतं यावरून खूप कळतं. तेलाची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल तेलात उतरतंय. सुरू झाल्यावर निळा धूर येतच राहिला तर इंजिन आतून झिजलंय, तिथे थांबलेलं बरं.

कंपनीबद्दल माझं मत सांगते. विस्कॉन्सिनमधल्या ब्रिलियन गावची एरियन्स १९६० पासून ही यंत्रं बनवते, मिनेसोटाची टोरो त्याच्याही आधीपासून. त्यांचं जाड पत्र्याचं जुनं यंत्र, नीट सांभाळलेलं असेल तर, नव्या पातळ स्वस्त यंत्रापेक्षा मी केव्हाही पसंत करीन. जुन्या यंत्रांवर अनेकदा टेकमसेहचं इंजिन असतं. त्या कंपनीने २००८ च्या अखेरीस इंजिनं बनवणं थांबवलं. कार्ब्युरेटरसारखे भाग अजून मिळतात, आतले भाग शोधावे लागतात. किंमत ठरवताना हे लक्षात घ्या. मॉन्ट्रियलकडच्या श्रोत्यांसाठी जाता जाता सांगते, हे यंत्र तुमच्याच भागातलं. क्युबेकच्या आर्थर सिकार यांनी आपलं पहिलं यंत्र १९२७ मध्ये उत्रमाँला विकलं.

आता अदलाबदलीचं. लॉनमोअर देऊन ब्लोअर घ्यायचा असेल तर आधी दोन्हींची रोख किंमत वेगवेगळी ठरवा. ऑक्टोबरमध्ये ब्लोअर चढा असतो आणि लॉनमोअरला कुणी विचारत नाही, म्हणजे लॉनमोअरवाला तोट्यात. एप्रिलमध्ये पारडं फिरतं. थांबता येत असेल तर एप्रिलपर्यंत थांबा. दोन्ही यंत्रं एकमेकांसमोर सुरू करून दाखवा. ओळखीत सौदा असेल तर आपल्या यंत्राचा दोष आपणच आधी सांगावा. पुढे गणपतीला, दिवाळीला एकाच पंगतीत बसायचं असतं.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. हँडलवरचा हात काढल्याबरोबर ऑगर थांबला पाहिजे. फार जुन्या यंत्रांत ही सोय नसते, कुणी फुकट दिलं तरी तसलं आणू नका. शूटमध्ये बर्फ अडकला तर इंजिन बंद करा, सगळं थांबू द्या, आणि मगही काठीच वापरा. इंजिन बंद असलं तरी आत ताण साठलेला असतो. अडथळा निघताच पातं झटका घेतं, आणि लोकांची बोटं अशीच जातात. बंद गराजमध्ये इंजिन कधीही सुरू करू नका, कार्बन मोनॉक्साइड साठतो.

यंत्र पसंत पडलं तर ते घरी आणायचं कसं, हे पैसे देण्याआधी ठरवा. टू स्टेजचं वजन २०० पौंडांच्या पुढे सहज जातं, सेडानच्या डिकीत ते मावणार नाही. पिकअप किंवा ट्रेलर घ्या, उतरंडीच्या फळ्या घ्या, सोबत दोन माणसं घ्या. यंत्र उभंच बांधा. आडवं केलं तर तेल नको तिथे जातं. घरी आणल्यावर तेल बदला, ताजं पेट्रोल भरा, मॉडेल नंबर बघून योग्य शिअर पिना मागवून ठेवा आणि बर्फ पडायच्या आधीच एकदा सुरू करून बघा.

नमस्कार.