माथ्यावरचा एक तास

…माइक आता ठीक आहे ना? प्रोजेक्टरने आपली दहा मिनिटं खाल्ली, जाऊ दे. विषय जाहीर झालाय ‘कळसूबाईवरून काय दिसतं आणि ते तसं का दिसतं’. ‘का’ महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे येतोच.

आधी तक्रार. बारी गावातून तीन तास घाम गाळत चढायचं, लोखंडी शिड्यांपाशी रांगेत अर्धा तास तिष्ठायचं, आणि माथ्यावर किती वेळ? मी घड्याळ लावून पाहिलंय. सात मिनिटं. देवीला नमस्कार, पाटीसोबत फोटो, ‘चला रे, वडापाव खाली खाऊ’. राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण, १६४६ मीटर, आणि सात मिनिटं! इथे किती जणांनी हे केलंय? हात नका वर करू, चेहऱ्यावर दिसतंय.

पण मीही शहाणा नव्हतो. बारा वर्षं मी लोकांना तिथून पश्चिमेचे तीन किल्ले दाखवत होतो: हा जवळचा कुलंग, मग मदन, पार टोकाला अलंग. पहिल्या खेपेला कुणीतरी तसं सांगितलं होतं, मीही ठोकून द्यायचो. एकदा ऑफिसातली मंडळी घेऊन गेलो. बोट लांब करून व्याख्यान चालू. शेजारी एक मावशी ताकाचा हंडा घेऊन बसलेल्या. त्यांनी पाच मिनिटं सहन केलं असेल. मग म्हणाल्या, “दादा, पोरांना कशाला फसवताय? जवळचा अलंग हाय.” मंडळी हसली. मी म्हटलं, मावशी, नकाशात… त्या म्हणाल्या, “नकाशा ठेवा खिशात. दिवस मावळतो तिकडं म्हणत जायचं. अलंग, मदन, कुलंग.” आणि वर ग्लास पुढे केला. ताकाचे पैसे मी दिले, आणि बारा वर्षांच्या श्रोत्यांची मनातल्या मनात माफी मागितली. ज्यांना चुकीचं सांगितलं ते कुठे कुठे सांगत सुटले असतील, देव जाणे.

त्या दिवशी पहिल्यांदा तासभर बसलो. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, म्हणजे विल्सन धरणाने अडवलेली प्रवरा. पलीकडे रतनगड, त्याचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, शोधायला डोळे बारीक करावे लागतात. मागे हरिश्चंद्रगडाचा पसारा. पूर्वेला पट्टा किल्ला. मला काय म्हणायचंय, डोंगराला नाव कळलं की तो दिसायला लागतो. तोवर नुसता ‘व्ह्यू’.

पाच मिनिटं? बरं. तर ‘का’.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. घट्ट थर झिजत नाही, त्याचा उभा कडा राहतो. पोकळ, बुडबुड्यांचा थर झिजतो, त्याचा उतार होतो, त्यावर गवत, तो पदर. म्हणून कडा, पदर, कडा, पदर. समोरच्या डोंगरावरही तीच आडवी रेघ दिसते, कारण थर एकच होता, मधला भाग पाण्याने नेला. शिड्या नेमक्या कड्याला लागतात, पदरावर आपण बसून लिंबू सरबत पितो.

आणि किती लांबचं दिसतं? समुद्रसपाटी धरली तर क्षितिज १४५ किलोमीटरवर. दिसत नाही, कारण धूळ. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात हवा धुतलेली असते, तेव्हा जा.

घंटा वाजली. बाकीचं बोट दाखवूनच सांगावं लागेल. बुधवारी या, शिडीला रांग नसते.