स्टूल गिऱ्हाइकाचं

[दृश्य: पुणे, लक्ष्मी रस्ता. सकाळचे साडेदहा. शटर वर जातंय.]

लक्ष्मी रस्त्यावरचं दुकान उघडलं की आधी झाडू फिरतो, मग देवापुढे उदबत्ती लागते, आणि मग सगळ्या जणी आपापल्या काउंटरमागे उभ्या राहतात. उभ्या म्हणजे उभ्याच. रात्री नऊपर्यंत.

साड्यांच्या या मजल्यावर पाच विक्रेत्या आहेत. काउंटरच्या पुढे सहा गुबगुबीत स्टुलं. काउंटरच्या मागे एकही नाही.

[दृश्य: काउंटरखाली, जवळून. कापडी चपला, सुजलेले घोटे.]

या ताई चेहरा दाखवायला नको म्हणाल्या. पाय दाखवायला तयार झाल्या. डाव्या पोटरीवर निळ्या शिरांचा गुंता दिसतोय. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, सैल होतो आणि शिरांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलतो. एका जागी नुसतं उभं राहिलं की हा पंप थंडावतो. रक्त खाली साचतं, शिरांच्या आतल्या छोट्या झडपांवर ताण येतो. झडपा नीट मिटेनाशा झाल्या की शीर फुगते. डॉक्टर त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. दुकानात त्याला ‘पाय भरून येणं’ म्हणतात, आणि ते सगळ्यांनाच होतं म्हणून कुणी बोलत नाही.

“दुपारी तीन ते पाच गिऱ्हाईक नसतं,” ताई सांगतात. “तरी बसायचं नाही. कॅमेरा आहे ना, शेठ घरून बघतात. मग मी खालच्या कप्प्यातला माल लावायचा म्हणून खाली बसते. एकच मोरपंखी साडी चार वेळा लावते.”

[दृश्य: जुन्या पेठेतलं छोटं कापडदुकान. पांढरी गादी, लोड.]

गंमत म्हणजे जुन्या कापडदुकानात उभं कुणीच नसायचं. पांढऱ्या गादीवर मांडी घालून विकणारा बसायचा, समोर गिऱ्हाईक बसायचं, मध्ये साड्यांचा ढीग. उठायचं ते फक्त फळीवरचा गठ्ठा काढायला. पुढे काचा आल्या, काउंटर आले, आणि गादी गेली. उभं राहणं म्हणजे अदब, ही समजूत तेव्हापासूनची. तिला आपलाही हातभार आहे. बसलेली विक्रेती दिसली की ‘लक्ष नाही हिचं’ असं आपल्याच मनात येतं.

[दृश्य: कोळिकोड, मिठाई तेरुवू. दुकानांची रांग.]

या खुर्चीसाठी खरी लढाई झाली ती केरळात. कोळिकोडच्या या बाजारात काम करणाऱ्या बायकांना दुकानात स्वच्छतागृहही नव्हतं. दिवसभर पाणी न पिणं हाच त्यांचा उपाय. स्वतः शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी अशा बायकांना गोळा करून ‘पेणकूट्टु’ ही संघटना उभी केली. आधी मागणी स्वच्छतागृहाची, मग बसण्याची. पुढे त्रिशूरमध्ये एका साडीच्या शोरूममधल्या विक्रेत्या दुकानासमोर धरणं धरून बसल्या. बसायला मिळावं म्हणून बसायचं! २०१८ मध्ये केरळनं दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि बसण्याची सोय मालकावर बंधनकारक झाली. २०२१ मध्ये तामिळनाडूनंही तेच केलं.

मागणी काही नवी नाही. इंग्लंडमध्ये १८९९ सालीच कायदा झाला होता: दर तीन विक्रेत्या स्त्रियांमागे किमान एक आसन. आपल्याकडच्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. पण साडीचं दुकान कारखाना नव्हे.

[दृश्य: जिना. दोन्ही बाजूंना खोकी.]

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. स्वच्छता, उजेड, खेळती हवा, आगीपासून बचाव, प्रथमोपचार, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, हे सगळं त्यात मालकाच्या माथी आहे. आणि हा दिवाळीआधीचा जिना. खोक्यांमधून एका वेळी एकच माणूस उतरू शकतो. माळ्यावर चढायच्या शिडीची एक पायरी सुतळीनं बांधलेली आहे. विचारलं तर उत्तर मिळतं, “सीझन संपला की करू.”

पण त्या स्टुलाकडे परत येऊ. एक स्टूल उचलून काउंटरमागे ठेवायला खर्च काहीच नाही. जागा? आम्ही मोजली. दीड हात मोकळी आहे.

[दृश्य: रात्रीचे नऊ. शटर अर्धं खाली. काउंटरवर उघड्या साड्यांचा डोंगर.]

शेवटचं गिऱ्हाईक पंचवीस साड्या बघून ‘घरी विचारून येते’ म्हणून गेलंय. आता घड्या घालायच्या. कॅशियरनं गल्ला मोजायला घेतलाय, मोठे दिवे बंद झालेत. ताई काउंटरला वळसा घालून पुढे येतात, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसतात, चपला काढतात आणि पहिली साडी मांडीवर ओढतात.