रिसेप्शनचं टेबल खुर्चीकडून आखा

पत्रिकेत विषय 'स्वागतकक्षाच्या टेबलाची रचना' असा छापलाय. त्यावर येतोच, पण आधी एक जुनी तक्रार. समोर बहुतेक इंटिरियरवालेच बसलेत, म्हणजे ती तुमच्याच नावाने आहे.

आपण हे टेबल कायम समोरून काढतो. लोगो कुठे, दगड कोणता, खाली एलईडीची पट्टी कशी. मागे दिवसभर बसणाऱ्या माणसाला काय, तर उरेल ती जागा!

एका ऑफिसात गेलो होतो. नाव घेत नाही, माझं एक बिल तिथे अडकलंय. (हशा) लॉबीत संगमरवराचा भलामोठा काउंटर, पण माणूस दिसेना. "कोणी आहे का?" म्हटलं, तर दगडामागून आवाज आला, "बोला सर." टाचा उंचावून डोकावलो, तेव्हा आधी भांग दिसला, मग चष्मा. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण ११५ ते १२० सेंटिमीटरवर येते. काउंटरची कड त्याच्याही कितीतरी वर! पाहुणा आला की बाईंनी उठायचं, नोंदवही वर द्यायची, सही झाली की परत खाली घ्यायची. वहीला बांधलेल्या पेनाची दोरी वरपर्यंत पुरेना, म्हणून तिला सुतळीचा तुकडा जोडला होता. कुरिअरचे खोके पायाशी, कारण ठेवायला कप्पाच नाही. एवढ्यात मालक आले, "कसा वाटला काउंटर?" म्हटलं, "फोटोत फार छान येत असेल." खूश झाले हो! फोटोच दाखवायला लागले.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बरं, भराभर मापं घ्या.

बसून कामाचा पृष्ठभाग ७५ सेंटिमीटर, उभ्याने टेकायची कड १०५ ते ११०. काउंटरचा निदान ९० सेंटिमीटर रुंद भाग ७५ ते ८० उंचीवर उतरवा आणि त्याखाली गुडघे जातील अशी मोकळी जागा सोडा, व्हीलचेअरवरच्या माणसासाठी. तो भाग कोपऱ्यात ढकलू नका. खुर्चीमागे १२० सेंटिमीटर मोकळे हवेत.

खाली बुटांचे फटके आणि फरशीचं ओलं पोतेरं बसतं, म्हणून स्कर्टिंग, म्हणजे तळाची पट्टी, स्टीलचं, थोडं आत घेतलेलं. संगमरवर हवाच असेल तर उभ्या दर्शनी बाजूला लावा. वर आंबट काही सांडलं की त्याची चकाकी जाते. वरच्या पृष्ठभागाला अ‍ॅक्रिलिक सॉलिड सरफेस, म्हणजे आरपार एकसंध असा कृत्रिम दगड, बरा, ओरखडे घासून काढता येतात.

पाठीमागे मोठी खिडकी नको, चेहरा काळा दिसतो. नेमका डोक्यावर स्पॉटलाइटही नको, डोळ्यांखाली सावल्या पडतात. दार खुर्चीवरून दिसलं पाहिजे, पण स्क्रीन पाहुण्याला दिसता कामा नये. वायरींसाठी मागची फळी उघडणारी ठेवा, नाहीतर एक केबल बदलायला सुतार बोलवावा लागतो.

गोल काउंटरचं राहिलंच, ते प्रश्नोत्तरांत विचारा. आणि हो, एका ड्रॉवरला कुलूप द्या, बसणाऱ्याची पर्स ठेवायला.