ग्रेड वन आणि सात घड्याळं

नमस्कार, श्रोतेहो. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन', म्हणजे यकृतात चरबी, पण सर्वांत सौम्य पायरीची, असं दिसलं की आम्हा डॉक्टरांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "काही विशेष नाही, वजन कमी करा." मीही ते कित्येक वर्षं म्हणत आलो.

एकदा एक गृहस्थ पत्नीसह आले. साठीला टेकलेले. बसायच्या आधीच म्हणाले, "डॉक्टर, मी दारूला शिवत नाही हं!" घरीदारी सगळ्यांनी तोच संशय घेतलेला. असल्या संशयापायीच तर 2023 मध्ये या आजाराचं 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर डिसीज' हे इंग्रजी नाव बदललं. दारूचा आणि चरबीचा उल्लेख माणसाच्या जिव्हारी लागतो, म्हणून तो काढला. असो. मी रिपोर्ट पाहिला, ठरलेलं वाक्य म्हटलं, दोन मिनिटांत मोकळा झालो.

बाई दारातून परत फिरल्या. "आमच्याकडे सात घड्याळं आहेत, डॉक्टर. सातही बंद."

मला काही उमगेना. मग कळलं, गृहस्थांना जुन्या चावीच्या घड्याळांचा नाद. दर रविवारी चावी देणार, तेल घालणार. आणि आता वर्षभर चावीला हात नाही. कामावरून आले की आडवे. बाई म्हणाल्या, "आळशी झालेत." ते पुटपुटले, "आळस नाही गं, त्राणच नाही."

(चावीचं एक तरी घड्याळ प्रत्येक घरात असावं, असं माझं मत आहे. मोबाइल स्वतःच वेळ दाखवतो. आपलं काही अडलंय हे तो कळू देत नाही.)

मी त्यांना पुन्हा बसवलं. यकृताच्या रुग्णांसाठी 29 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, 1999 मधली. गेल्या दोन आठवड्यांत थकवा किती, झोप कशी, चिडचिड, काळजी किती, असं विचारणारी. थकव्याच्या प्रश्नाला गृहस्थांचं उत्तर, "सतत." बाई गप्प झाल्या.

तर श्रोतेहो, थकवा म्हणजे आळस नव्हे. पुन्हा सांगतो, थकवा म्हणजे आळस नव्हे. आणि ग्रेड लहान म्हणून थकवाही लहान, असं गणित इथे चालत नाही. यकृताच्या आत वेदना कळवणाऱ्या नसाच नाहीत, त्यामुळे दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून कुणी विश्वास ठेवत नाही. थकव्यामागे थायरॉइड, मधुमेह, हिमोग्लोबिन, झोपेतला श्वास अडकणं हेही असू शकतं. ते तपासून घ्या. वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरलं तर यकृताची सूज निवळू शकते. आणि काटा हलला नाही तरी चालणं सोडू नका, नियमित व्यायामाने यकृतातली चरबी तरीही घटते.

गृहस्थ रोज चालू लागले. आठ महिन्यांनी 86 चे 79 किलो झाले. मी खुशीत बाईंना विचारलं, "आता कसं काय?"

"लिव्हरचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या, "पण रात्री बाराला सातही घड्याळं टोले देतात. एकेक, मागेपुढे. माझ्या झोपेला काहीतरी द्या."