वन्समोअर!

(दृश्य: रिकामं नाट्यगृह. अंधारात ऑर्गनचा एक लांब सूर.)

संगीत नाटक रंगलंय. रुक्मिणीचं पद, म्हणजे नाटकातलं गाणं, संपतं. ती पुढचं वाक्य बोलणार, एवढ्यात मागच्या बाकांवरून आरोळी येते, 'वन्समोअर!' आणि विदर्भाची राजकन्या निमूटपणे तेच पद पुन्हा उचलते. कृष्ण थांबेल, नाटक थांबेल. ज्यानं तिकीट काढलंय तो थांबणार नाही.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगमंचावर आलं. रागदारी ऐकायला आता दरबाराची ओळख लागेना, खिशात तिकिटाचे पैसे असले की झालं. आणि पैसे मोजले की फर्माईश आलीच.

बालगंधर्वांच्या काळात तर नाटक रात्री सुरू व्हायचं आणि पहाटे संपायचं. कथा कुठे राहिली, याची फिकीर कुणाला? पण दुसऱ्यांदा तेच जसंच्या तसं गाऊन भागत नसे, समोरचे कान तयार होते. मग एखादा शब्द जरा जास्त रेंगाळायचा, तान वेगळ्या वाटेनं समेवर यायची. रंगमंचापुढे बसलेल्या ऑर्गनवाल्याचं आणि तबलजीचं सगळं लक्ष नटाच्या मानेकडे. हेच पद ग्रामोफोनच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत आटोपतं. तबकडीला समोर कोण बसलंय ते दिसत नाही ना!

(दृश्य: जुनी छायाचित्रं.)

८ जुलै १९२१. मुंबईचं बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान', म्हणजे दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेला 'मानापमान'चा प्रयोग. नायिका भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व, नायक धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले. एरवी एकमेकांशी चुरस करणाऱ्या दोन कंपन्या, दोघांचे चाहते वेगळे, आणि त्या रात्री सगळे एकाच छताखाली. टाळी कुणाला जास्त पडते हे मोजायलाच निम्मे लोक आले असावेत, असा मला दाट संशय आहे.

तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. वय अवघं ३१.

(दृश्य: आजचा प्रयोग.)

आता नाट्यगृह ठरावीक तासांसाठी मिळतं. पद संपतं, तिसऱ्या रांगेतले एक आजोबा हात वर करून ओरडतात. गायिका आधी विंगेत बघते. तिथे कुणीतरी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून उभा.

ऑर्गनवाल्यानं मात्र पट्ट्यांवरची बोटं उचललेलीच नाहीत. तो हळूच ध्रुवपदाचा पहिला सूर दाबतो.