फुटपाथवर पडल्यानंतरचे कागद

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय दिसायला साधा आहे. पेव्हर ब्लॉक खचला होता, चेंबरचं झाकण तिरकं बसलं होतं, आणि चालता माणूस पडला. मनगट मोडलं, वय जास्त असेल तर खुब्याचं हाड. आता उपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी कोण देणार? महाराष्ट्रात याचं उत्तर आज पूर्वीपेक्षा बरंच स्पष्ट आहे. तरी लोक मागत नाहीत, आणि मागतात तेव्हा कायदा त्यांच्या बाजूने असूनही कागद अपुरे पडतात. म्हणून कायदा थोडक्यात उरकतो आणि कागदांवर वेळ घालवतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची आवश्यक कर्तव्यं दिली आहेत. सार्वजनिक रस्ते बांधणं आणि त्यांची निगा राखणं हे त्यांतलं एक. ते ऐच्छिक नाही, निधी असला तर करू असंही नाही. मुंबईला १८८८ चा वेगळा अधिनियम लागू आहे, तिथे हीच गोष्ट कलम ६१ मध्ये येते. त्या अधिनियमातली ‘रस्ता’ या शब्दाची व्याख्या पायवाटेलाही पोटात घेते, त्यामुळे फुटपाथ म्हणजे रस्ता नव्हे असा युक्तिवाद टिकू नये. दिल्लीत १९५१ साली चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं दगावली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली सांगितलं, की रस्त्यालगतच्या बांधकामाची देखभाल करणं मालक म्हणून पालिकेचं काम आहे आणि ‘दोष आम्हाला दिसला नव्हता’ एवढं म्हणून सुटका होत नाही. आणि १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्याला अडथळ्याविना फुटपाथ मिळणं हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

तुमच्या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाचा, १३ ऑक्टोबर २०२५ चा. खड्डे किंवा उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमीला इजेच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख. त्यासाठी समिती नेमायची. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, नगरपरिषदेत मुख्याधिकारी आणि तेच सचिव. अपघाताची खबर मिळाल्यापासून ४८ तासांत पोलीस ठाण्याने समितीला कळवायचं, आणि दाव्यापासून ६ ते ८ आठवड्यांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर ९ टक्के व्याज. पैसे आधी संस्थेने द्यायचे आणि नंतर जबाबदार अधिकाऱ्याकडून किंवा ठेकेदाराकडून वसूल करायचे. म्हणजे ‘ठेकेदाराकडे जा’ हे उत्तर ऐकून परत फिरायचं नाही.

इथे एक मेख आहे. आदेश खड्डे आणि मॅनहोल यांबद्दल बोलतो. तुमचा पाय डुलणाऱ्या पेव्हरवर मुरगळला असेल, तर समोरून हरकत येऊ शकते की हा खड्डा नव्हेच. म्हणून अर्जात ‘फुटपाथ खराब होता’ असं मोघम लिहू नका. ब्लॉक खचून अमुक इंच खोल, अमुक इंच रुंद खड्डा पडला होता, असं लिहा. तसा तो पडला असेल तरच, अर्थात. नुसती फरशी सुटली असेल तर तेच लिहा, समितीकडे अर्ज करा, आणि दिवाणी दाव्याची तयारी सोबत ठेवा. ती तयारी कशी करायची, ते आता पाहू.

पहिला कागद दवाखान्यातला. कुठे पडलात हे तुम्हाला माहीत असलं तरी डॉक्टर केसपेपरवर ‘पडल्याने इजा’ एवढंच लिहितात. घरात पडला की रस्त्यावर, हे त्यातून कळत नाही, आणि सहा महिन्यांनी समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. त्यामुळे दाखल करताना सांगून लिहून घ्या: किती वाजता, कोणत्या रस्त्याच्या फुटपाथवर, कशामुळे. हाड मोडलं असेल तर मेडिको-लीगल नोंद करायला सांगा, म्हणजे पोलीस चौकीला आपोआप कळतं. पोलिसांकडे स्वतः लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पोलीस ठाण्यातून समितीकडे कळवलं जायचं आहे, त्यामुळे ही पोच पुढे उपयोगी पडते. गंभीर इजेत भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागू शकतं, पण गुन्हा दाखल होण्यावर भरपाई अवलंबून नाही. त्या हट्टात दिवस घालवू नका.

दुसरी गोष्ट फोटो. अपघाताची कुणकुण लागली की दुसऱ्या दिवशी तिथे सिमेंट पडतं, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून जखमी माणूस दवाखान्यात असताना घरातल्या एकाने लगेच जागेवर जावं. तीन अंतरांवरून फोटो घ्या. लांबून घेतलेल्यात दुकानाची पाटी किंवा दिव्याच्या खांबाचा नंबर दिसला पाहिजे, नाहीतर जागा सिद्ध होत नाही. मधल्या अंतरावरच्या फोटोत चालायची वाट दिसावी. जवळच्या फोटोत मोजपट्टी. खड्ड्यावर सरळ काठी आडवी ठेवा आणि काठीच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत माप घ्या. कडेला पट्टी टेकवून घेतलेलं माप कुणीही खोडून काढतो. अमुक मिलिमीटरच्या वर धोकादायक असा आकडा आपल्या अधिनियमांत नाही, म्हणून ‘भयंकर’, ‘जीवघेणा’ ही विशेषणं निरुपयोगी आणि माप मोलाचं. पडण्याची वेळ संध्याकाळची असेल तर त्याच वेळी पुन्हा जाऊन दिवा लागतो की नाही हेही टिपा. दुरुस्ती झाली तर तिचाही फोटो घ्या, कारण तिथे दुरुस्त करण्यासारखं काहीतरी होतं हे त्यातून दिसतं.

फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवून मूळ फाइल पुसून टाकणं ही नेहमीची चूक. तिथे फाइल दाबली जाते आणि वेळ-जागेची माहिती निघून जाते. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन जपा. न्यायालयात डिजिटल पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यात एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. समोरच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. दुकानदाराला त्याच आठवड्यात लेखी विनंती द्या, पोलिसांनाही प्रत द्या. पायात होती ती चप्पल पिशवीत बांधून ठेवा. ‘झिजलेली चप्पल होती, मोबाइल बघत चालला होता’ हा बचाव ठरलेला असतो, आणि तो सिद्ध झाला तर रक्कम कापली जाते.

आता, फुटपाथ कोणाचा? हे ठरवल्याशिवाय नोटीस चुकीच्या पत्त्यावर जाते. शहरातला बहुतेक फुटपाथ महापालिकेचा असतो, पण सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, एमआयडीसी, कॅन्टोन्मेंट, मेट्रोचं काम चालू असलेला पट्टा, असे तुकडे मध्ये येतात. सोसायटीच्या कुंपणाच्या आतली वाट तर सार्वजनिक नाहीच, तिथे सोसायटीच जबाबदार. शंका असेल तर दोघांनाही नोटीस द्या. चेंबरच्या झाकणावर बहुधा खात्याची किंवा कंपनीची अक्षरं ओतलेली असतात. पावसाळी नाला, मलनिस्सारण, टेलिफोन, वीज, यांतलं कोणाचं ते फोटोत आलं पाहिजे.

मोडकी जागा स्वतःच बरंच सांगते. पेव्हर ब्लॉकखाली साधारण २० ते ४० मिलिमीटर वाळूचा थर असतो आणि दोन्ही कडांना ब्लॉक सरकू नयेत म्हणून पक्की कड. कड नसेल किंवा मोडली असेल तर पावसात वाळू वाहून जाते आणि ब्लॉक डुलायला लागतात. हा बांधकामाचा किंवा देखभालीचा दोष. उलट लांब, अरुंद पट्टाच खाली गेलेला दिसला तर तिथे केबल किंवा पाइपसाठी चर खणला होता आणि माती थराथराने दाबून भरली नव्हती असं समजा. मग खोदाईची परवानगी कोणाला दिली आणि पुनर्भरणाचे पैसे कोणी भरले, हे प्रश्न निघतात. झाकणाच्या भोवतालची फरशी खचली असेल तर चेंबरची चौकट वर राहून तिची कडच पायात अडकते. असे कितीतरी अपघात ‘झाकण होतंच’ या एका वाक्यावर झटकले जातात. झाकण असलं म्हणजे ते पातळीत होतं असं नव्हे.

ही माहिती माहितीच्या अधिकारात मागायची. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्दमर्यादा १५०, म्हणून दोन-तीन अर्ज करा. एकात त्या फुटपाथचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने कामातले दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत. दुसऱ्यात मागच्या वर्षभरात दिलेल्या खोदाई परवानग्या. तिसऱ्यात त्याच जागेबद्दल आलेल्या तक्रारी आणि त्यांवरची कार्यवाही. हा तिसरा अर्ज सगळ्यांत जड. आधी कुणी तक्रार केली होती आणि तरी दुरुस्ती झाली नाही, हे एकदा कागदावर आलं की ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही. मुंबईत १९१६ वर केलेल्या तक्रारीला क्रमांक मिळतो. शेजाऱ्यांना विचारा, कुणाकडे जुना क्रमांक सापडतो का. बांधणीचा दर्जा दाखवायचा तर इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वं, आयआरसी १०३, हाताशी ठेवा: चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, कर्बची, म्हणजे फुटपाथच्या कडेची, उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही.

आता मुदत. चांगले दावे इथेच बुडतात. महापालिकेवर दिवाणी दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस देऊन एक महिना थांबावं लागतं, आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ४८७, मुंबईसाठी कलम ५२७. राज्य सरकारचं खातं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस. महापालिकेसाठीचं कलम ४८७ किंवा ५२७ निष्काळजीपणाला लागू होतं का, नोटिशीचा महिना मुदतीतून वगळायचा का, यावर वकील वाद घालू शकतात. तुम्ही त्या वादाच्या भरवशावर राहू नका. प्लॅस्टर निघायच्या आत नोटीस गेली पाहिजे. समितीकडे अर्ज केलाय म्हणून दाव्याची मुदत थांबते असंही समजू नका.

नोटीस दोन पानांची पुरे. नाव-पत्ता, तारीख-वेळ-जागा, दोष काय, इजा काय, किती रक्कम आणि कशाकशाची. स्पीड पोस्टाने किंवा आवक-जावक विभागात हातोहात द्या आणि शिक्क्याची प्रत घ्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळतं. ग्राहक आयोगात मात्र जाऊ नका. मालमत्ता कर हा सेवेचा मोबदला नव्हे, या मुद्द्यावर तक्रार फेटाळली जाते.

एक आडवाट. फुटपाथवरच्या खांबाचा किंवा डीपीचा शॉक बसला असेल तर वरचं बरंचसं लागू नाही. तिथे वीज कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. मध्य प्रदेश वीज मंडळाविरुद्धच्या २००२ च्या निकालापासून ते पक्कं आहे. विद्युत निरीक्षकाकडे खबर द्या आणि त्यांचा अहवाल मिळवा.

रक्कम काढताना लोक औषधांची बिलं जोडतात आणि थांबतात. खरं नुकसान बहुतेकदा कमाईचं असतं. शिवणकाम करणाऱ्या ४२ वर्षांच्या बाईंचं उदाहरण घेऊ. महिन्याची कमाई २० हजार, मनगट नीट न जुळल्यामुळे कमावण्याची क्षमता १० टक्के घटली. वर्षाचे २ लाख ४० हजार, त्याचे १० टक्के २४ हजार, आणि या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला वयानुसार ज्याने गुणायचं तो आकडा, १४. झाले ३ लाख ३६ हजार. गुणकाचा हा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली वाहन अपघातांसाठी घालून दिला, पण हिशोबाला आधार म्हणून तो इथेही पुढे ठेवता येतो. त्यात उपचार, काम बुडालेले महिने, पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च आणि वेदना हे वेगळे मिळवायचे. म्हणजे एका मनगटाचा हिशोब समितीच्या अडीच लाखांच्या पलीकडे सहज जातो. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रातली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाई घटल्याची टक्केवारी एकच नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलंय. कारकुनाचं मनगट आणि शिंप्याचं मनगट कागदावर सारखं, पोटापाण्याच्या हिशोबात नाही. म्हणून प्रमाणपत्राबरोबर कामाचं स्वरूप दाखवणारे कागद लावा: ऑर्डरची वही, बँकेचा उतारा, मालकाचं पत्र. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचंही मोल धरलं जातं, ते ‘शून्य’ लिहू नका.

आणि समितीने चेक देताना पुढे केलेल्या पावतीवर सही करण्याआधी ती वाचा. ‘पूर्ण व अंतिम, यापुढे कोणतीही मागणी नाही’ असं छापलेलं असेल तर ते वाक्य खोडायला सांगा, नाहीतर सहीशेजारी स्वतःच्या हाताने लिहा: ‘इतर कायदेशीर हक्क राखून स्वीकारले.’ खाली तारीख घाला आणि जागीच प्रत मागून घ्या.