वाऱ्याच्या वाटेवरचे साब्तांग

नमस्कार, श्रोतेहो. फिलिपिन्स म्हटले की आपल्या मनात मनिलासारखे गजबजलेले शहर येते, किंवा जाहिरातींतले पांढऱ्या वाळूचे किनारे येतात. आजच्या भाषणाचा विषय मात्र त्या देशाच्या अगदी उत्तर टोकाला असलेली एक छोटी, समुद्राने वेढलेली आणि शेतीवर जगणारी नगरपालिका आहे. तिचे नाव साब्तांग. बटानेस हा फिलिपिन्समधला सर्वांत लहान प्रांत असून २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १८,८३१ भरली. या प्रांताची वस्ती असलेली बेटे तीनच आहेत : बटान, इतबायात आणि साब्तांग. मनिलापेक्षा तैवान इथून जवळ आहे. इथल्या इवातान लोकांच्या भाषेची सख्खी बहीणही तैवानच्याच हद्दीतल्या ऑर्किड बेटावर बोलली जाते.

साब्तांगचे क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सतराशेच्या आसपास आहे. तिथे पोहोचण्यासाठी बटान बेटावरच्या इवाना गावाच्या धक्क्यावरून ‘फालुवा’ नावाची लाकडी होडी धरावी लागते. फिलिपिन्समधल्या बहुतेक होड्यांना तोल सांभाळण्यासाठी दोन्ही बाजूंना बांबूचे हात जोडलेले असतात, पण फालुवेला ते नसतात. प्रशांत महासागर आणि दक्षिण चीन समुद्र यांचे पाणी या दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीत एकमेकांवर येऊन आदळते, आणि अशा लाटांमध्ये बांबूचे हात मोडून पडण्याचीच शक्यता अधिक असते. म्हणून फालुवेचा तळ गोलसर आणि बाजू उंच ठेवलेल्या असतात, आणि ती लाटेशी झगडण्याऐवजी लाटेबरोबर डोलते. प्रवास अर्ध्या-पाऊण तासाचा असला, तरी धक्क्यावरून होडीत पाय टाकण्याचा क्षण नेमका साधावा लागतो. होडी वर येते तेव्हा खलाशी दंडाला धरून प्रवाशाला आत ओढून घेतो, आणि जो त्या क्षणी विचार करत थांबतो त्याला पुढच्या लाटेची वाट पाहावी लागते. समुद्र खवळलेला असला की तटरक्षक दल होड्या बंद ठेवते, आणि मग बेटाचा जगाशी संबंध तेवढ्यापुरता संपतो.

फिलिपिन्समध्ये नगरपालिका म्हणजे एखादे शहरच असे नाही. तो आपल्या तालुक्याहून लहान आणि ग्रामपंचायतीहून मोठा असा घटक असून त्याच्या पोटात ‘बरांगाय’ नावाची गावे असतात. साब्तांगमध्ये अशी सहा गावे आहेत : सिनाकान, मालाकडांग, साविदुग, चावायान, सुमनांगा आणि नाकानमुआन. महापौर, उपमहापौर आणि आठ सदस्यांची परिषद यांची निवडणूक दर तीन वर्षांनी होते. उत्पन्नाच्या सरकारी वर्गवारीत साब्तांग दीर्घकाळ अगदी खालच्या वर्गात मोजले गेले. त्याचा कारभार मुख्यतः केंद्र सरकारकडून येणाऱ्या वाट्यावर चालतो. या वाट्याची वाटणी ठरवताना निम्मा भाग लोकसंख्येवर, पाव भाग क्षेत्रफळावर आणि उरलेला पाव भाग सर्वांना सारखा असे सूत्र कायद्याने घालून दिलेले आहे. सतराशे माणसांच्या जोरावर फारसे काही हाती लागणार नाही, हे उघड आहे. शेवटचा जो समान वाटा आहे, त्याच्यावरच अशा छोट्या नगरपालिका तग धरून असतात.

मात्र वर्गवारीचा हा कागद वाचून साब्तांगला गरीब म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. हे गाव कशाच्या आधारावर टिकले, हे त्या कागदावर कुठेच दिसत नाही. ते पाहायचे असेल तर शेतात जावे लागते.

वादळांचा मार्ग या बेटांवरून जातो. त्यामुळे जे पीक जमिनीच्या वर डौलाने उभे राहते, त्याचा इथे भरवसा धरता येत नाही. भात बहुतांशी बाहेरून, बोटीने येतो. बेटाचे खरे अन्न जमिनीखाली वाढते. ‘उवी’ म्हणजे कोनफळ, ‘वाकाय’ म्हणजे रताळे आणि ‘सुदी’ म्हणजे अळू, ही तीन पिके इवातान घराचा कणा आहेत. वारा कोनफळाचा वेल फाडून नेऊ शकतो, पण कंद मातीतच राहतो. काढल्यावरही तो कित्येक आठवडे, नीट ठेवला तर कित्येक महिने टिकतो. रताळी तर लागतील तशी खणून काढता येतात, म्हणजे शेत हेच कोठार होते. शेतांच्या कडेने बोरूसारख्या उंच गवताची आणि झुडपांची दाट कुंपणे राखलेली असतात. ती हद्दही दाखवतात, वाराही अडवतात आणि उतारावरची माती धरून ठेवतात. बटानेसच्या डोंगरांचे जे छायाचित्र पाहून प्रवासी हरखून जातात, त्यातली हिरवी चौकटींची नक्षी म्हणजे ही कुंपणेच होत. जमीन काही हंगाम पिकवून पडीक टाकायची आणि पुन्हा फिरून यायचे, ही रीत इथे चालत आली आहे. पडीक रान आणि डोंगरमाथे गुरांच्या चराईला मिळतात.

रोख पैशासाठी लसूण आहे. बटानेसचा लसूण आकाराने लहान, पण वासाला आणि तिखटपणाला जबरदस्त असतो. थंडीच्या तोंडावर लावायचा, उन्हाळ्याआधी काढायचा, जुड्या बांधून आढ्याला टांगायचा आणि मग बोटीने बाजाराला पाठवायचा, असा त्याचा क्रम आहे. १९९० च्या दशकात फिलिपिन्सने जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश केल्यानंतर परदेशी लसूण स्वस्तात येऊ लागला आणि देशभरातल्या लसूण उत्पादकांचे कंबरडे मोडले. बोटभाड्याचा बोजा आधीच सोसणाऱ्या बेटावरच्या शेतकऱ्याला त्या किमतीशी स्पर्धा करणे किती जड जाते, हे वेगळे सांगायला नको.

या शेतीला मजूर लावणे परवडत नाही, म्हणून इथे सावड चालते. तिला ‘पायुहवान’ म्हणतात. काही कुटुंबे मिळून गट करतात आणि आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या शेतात पाळीपाळीने राबतात. गावाच्या सर्वांनी मिळून करायच्या मोठ्या कामाला ‘यारू’ असा वेगळा शब्द आहे. त्यात रस्ता दुरुस्त करणे येते, घर शाकारणे येते आणि वादळानंतरची आवराआवरही येते. ज्याच्या घरी काम असेल त्याने जेवण घालायचे. त्या जेवणात हळद घातलेला ‘सुपास’ नावाचा पिवळा भात असतो आणि ‘लुनिस’ असते. लुनिस म्हणजे मीठ लावून स्वतःच्याच चरबीत आटेपर्यंत शिजवलेले डुकराचे मांस. ते त्याच चरबीत बरणीत बुडवून ठेवले की बोटी बंद असलेल्या दिवसांत उपयोगी पडते.

शेतात काम करणाऱ्या बाईच्या डोक्यावर ‘वाकुल’ दिसते. भातलावणीच्या वेळी कोकणात बायका डोक्यावरून पाठीपर्यंत इरले घेतात, त्याच कामाची ही वस्तू आहे, पण तिचे रूप अगदी निराळे आहे. शिंदीच्या कुळातल्या ‘वोयावोय’ या झाडाच्या पानांचे धागे उलगडून, सुकवून ते एकेक करून विणलेल्या पट्टीत असे गुंफतात की लांबसडक केसांचा टोप घातल्यासारखा भास होतो. पाऊस त्या धाग्यांवरून निथळून जातो आणि उन्हात आत गारवा राहतो. वाकल्यावर दोन्ही हात मोकळे असतात, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. चावायान गावातल्या विणकर बायका आजही वाकुल करतात. पर्यटकांच्या सोयीसाठी त्याची छोटी प्रतिकृतीही करतात, तिला मात्र पावसात काही काम नसते.

या बेटांचे सर्वांत जुने तपशीलवार युरोपीय वर्णन विल्यम डॅम्पियर या इंग्रज खलाशाने १६८७ मध्ये येथे मुक्काम केल्यानंतर लिहिले. लोक उसाच्या रसापासून जी दारू करत, तिच्यावरून त्याच्या सोबत्यांनी बेटांना ‘बाशी’ हे नाव दिले. लोक उंच कड्यांवर राहतात, शिडीने वर चढतात आणि शेते खाली खोऱ्यांत आहेत, असे त्याने पाहिले. तिथे पिकणाऱ्या वस्तूंत कोनफळ आणि रताळी होतीच. कड्यांवरच्या या तटबंद वस्त्यांना ‘इजांग’ म्हणतात. साविदुग गावाजवळ असा एक इजांग आजही ओळखता येतो.

स्पेनने १७८३ मध्ये बटानेसवर आपला अंमल जाहीर केला, आणि आठच वर्षांत साब्तांगने त्याला हात दाखवला. स्पॅनिश अधिकाऱ्यांची माणसे लाकूड आणि धान्य उचलून नेत, पण मोबदला देत नसत, अशी तक्रार होती. मालाकडांगचा प्रमुख अमान दांगात याने १७९१ मध्ये उठाव केला. उठाव मोडला आणि त्याला फाशी देण्यात आले. खरी शिक्षा पुढेच होती. साब्तांगच्या लोकांना इजांगांवरून खाली उतरवून, बेट सोडायला लावून, समोरच्या इवानाच्या परिसरात वसवण्यात आले. समोर आपले डोंगर दिसत असताना परक्या किनाऱ्यावर त्यांच्या दोन पिढ्या गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास साब्तांग पुन्हा स्वतंत्र वस्ती म्हणून उभे राहिले. आजची किनाऱ्यालगतची गावे, आखीव गल्ल्या आणि सेंट व्हिन्सेंट फेररचे चर्च ही सारी त्यानंतरची घडण आहे.

ज्या दगडी घरांमुळे साब्तांग आज ओळखले जाते, तीही स्पॅनिश काळातलीच. त्याआधीची घरे लाकडाची, गवताची आणि बसकी असत. चुनखडीचे दगड आणि भाजलेला चुना वापरून भिंती उभारण्याची विद्या मिशनऱ्यांबरोबर आली, पण तिला वाऱ्याच्या हिशेबात बसवले ते इथल्या माणसांनी. भिंती जवळजवळ मीटरभर जाड असतात. ज्या दिशेने वादळाचा जोर सर्वाधिक असतो, त्या बाजूला खिडकीच ठेवत नाहीत. छप्पर कोगोन नावाच्या गवताचे, अनेक थरांचे आणि दाबून बांधलेले असते. वादळाची सूचना मिळाली की छपरावर दोरांचे जाळे टाकून ते जमिनीत रोवलेल्या दगडांना आवळतात. नीट शाकारलेले छप्पर पंचवीस-तीस वर्षे जाते. चावायानमध्ये सांता रोसा दे लिमाचे छोटे प्रार्थनामंदिरही गवतानेच शाकारलेले आहे.

या घरांचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. वाऱ्यासाठी जाड केलेली भिंत भूकंपात घात करू शकते. २७ जुलै २०१९ रोजी शेजारच्या इतबायात बेटावर पहाटे भूकंपाचे धक्के बसले, दगड-चुन्याची जुनी घरे कोसळली आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये चांथू हे महावादळ थेट इवानावर येऊन धडकले, त्यात अनेक घरांची छपरे गेली. त्यानंतर नव्याने बांधणाऱ्याने सिमेंट आणि पत्रा निवडला, तर त्याला परंपरा सोडली म्हणून दोष देण्याचा अधिकार, फोटो काढून परत जाणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही. पण यात एक गुंतागुंत आहे. गवताच्या छपराला अख्खे गाव लागते, पत्र्याला दोन कामगार पुरतात. गवत कापणारे, जुड्या बांधणारे आणि वर चढून थर लावणारे हात एकदा पांगले, की ज्याला हौसेने गवताचेच छप्पर हवे आहे त्यालाही ते करून मिळत नाही. तरुण मुले शिक्षणासाठी बास्को या प्रांताच्या राजधानीला आणि तिथून मनिलाला जातात, तेव्हा शेतातली सावडही तितकीच विरळ होते.

२०१६ मध्ये फिलिपिन्सच्या संसदेने बटानेसला जबाबदार पर्यटनाचे क्षेत्र ठरवणारा कायदा केला. साब्तांगला उतरल्यावर पाहुण्याने नगरपालिकेच्या कचेरीत नाव नोंदवायचे, शुल्क भरायचे आणि मगच पुढे जायचे, अशी व्यवस्था आहे. बहुतेक जण सकाळच्या फालुवेने येतात, चावायान आणि साविदुग पाहून दुपारी परततात. त्यांच्या खर्चातला बराचसा भाग बटान बेटावरच राहतो. मुक्काम करणाऱ्यांना गावातली घरे खोली देतात. समुद्र बिघडून होड्या बंद झाल्या, की अशा पाहुण्यालाही यजमानाबरोबर शिजवलेले कोनफळ, सुकवलेली मासळी आणि बरणीतले लुनिस खात होडी सुटण्याची वाट पाहावी लागते.